आषाढातलं बाळंतपण

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लग्नाच्या बैठकीत या विषयाचा कोणी उच्चार करत नाही, कारण सगळ्यांनी ते धरूनच चाललेलं असतं. सातव्यात डोहाळजेवण, ओटी भरून पाठवणी, आणि मग आईच्या हातचं खाऊन दिवस मोजायचे. माझंही तसंच ठरलं. मी पुण्यात नोकरी करते, नवराही तिथेच. माहेर मात्र सिंधुदुर्गात, महामार्गापासून बरंच आत, ओहोळावरचा कॉजवे ओलांडून जावं लागतं अशा गावात. आणि माझे दिवस भरतात जुलैच्या मध्यावर, म्हणजे ऐन आषाढात.

पुण्यातल्या मैत्रिणींनी एकच विचारलं, "तिकडे हॉस्पिटल कुठलं?" तालुक्याच्या सरकारी उपजिल्हा रुग्णालयाचं नाव सांगितलं की फोनवर पलीकडे कोणी बोलेना. त्यांची काळजी खरी होती, म्हणून ती मी झटकून टाकली नाही. उलट तीच काळजी घेऊन रुग्णालयात गेले आणि एकेक प्रश्न विचारत सुटले. गेल्या काही आठवड्यांत मी जी काही तयारी केली, तिचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे. बॅग भरायला एक संध्याकाळ पुरते. आपलं बाळंतपण नेमकं कुठे, कोणाच्या हातून आणि कसं होणार आहे, हे समजून घ्यायला फार वेळ लागतो, आणि पहिलटकरणीने ते समजून घ्यावं अशी अपेक्षाच कोणी ठेवलेली नसते. "तू कशाला डोकं शिणवतेस, आम्ही आहोत ना," असं प्रेमाने म्हणणारी माणसं घरात भरपूर असतात. मला त्या प्रेमाचा आदर आहे. पण कळा मला येणार आहेत.

तालुक्यात खासगी नर्सिंग होम आहेत, तिथले डॉक्टरही चांगले आहेत. तरी लहान नर्सिंग होममध्ये रात्री तीन वाजता जागं कोण असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात तिन्ही पाळ्यांना सिस्टर असतात आणि वर्षानुवर्षं त्यांच्या हातांवर बाळं जन्माला आलेली असतात. रुग्णवाहिका आवारातच उभी असते. खर्चाचा विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 1 जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण पूर्ण मोफत आहे. त्यात औषधं आली, तपासण्या आल्या, वेळ आली तर सिझर आणि रक्तही आलं. नॉर्मल झालं तर तीन दिवस आणि सिझर झालं तर सात दिवस बाळंतिणीचं जेवण आलं. घरून रुग्णालयात नेणारी आणि बाळासकट परत घरी सोडणारी गाडीसुद्धा त्यात आहे. आमच्या आशाताईंनी हे मला समजावून सांगितलं आणि वर बजावलं, "कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. मला फोन करायचा."

महाराष्ट्रात 2004-06 या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या. 2018-20 पर्यंत तो आकडा 33 वर आला. देशात केरळनंतर आपलाच क्रमांक होता. या घसरणीत तालुक्या-तालुक्यांतल्या अशाच प्रसूतिकक्षांचा आणि आशाताईंसारख्या बायकांचा मोठा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं. तरीही 33 म्हणजे 33 घरं, आणि मी कुठल्या बाजूला असेन हे कोणी लिहून देऊ शकत नाही. भीती वाटते ती तिथेच.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची विशेष तपासणी असते. 2016 पासून हे चालू आहे. मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावर जागा नव्हती. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, पोटावर हात ठेवून बाळाची ठेवण, असं एकेक करत माझी फाईल आतल्या टेबलावर पोचली आणि माझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लागलं. लाल म्हणजे जोखमीची गरोदर. आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. कारण होतं माझा रक्तगट. मी बी निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह.

या रक्तगटाबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं, की प्रसूतीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिलं बाळ तोवर जन्माला आलेलं असतं, त्यामुळे त्याला सहसा काही होत नाही. पुढच्या खेपेला मात्र तीच तयारी पोटातल्या बाळाच्या रक्तपेशींवर तुटून पडते. बाळाला रक्तक्षय होतो, जन्मल्यावर कावीळ चढत जाते, काही बाळं पोटातच जातात. यावरचा उपाय म्हणजे अँटी-डीचं इंजेक्शन. आधी आयसीटी नावाची रक्ततपासणी करून शरीराने लढायला सुरुवात केलेली नाही ना, ते बघतात. मग 28व्या आठवड्यात एक इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर 72 तासांच्या आत दुसरं. 1968 पासून हे औषध जगात वापरात आहे.

हे सगळं मी घरी येऊन सांगत होते तेव्हा आजी खाटेवर पडून ऐकत होती. ती नव्वदीला आली आहे, कान मात्र शाबूत आहेत. ती म्हणाली, आमच्या खालच्या वाडीत एक बाई होती. पहिला मुलगा धडधाकट. त्यानंतर जी जी मुलं झाली ती पिवळी पडून आठ-दहा दिवसांत गेली. एक तर पोटातच गेलं. "तिका भायरचा लागलला, असा सगळे म्हणत," आजी म्हणाली. तिला देवस्कीला नेलं, गाऱ्हाणी घातली, तिच्या अंगावर अंगारे फुंकले. सणासमारंभाला तिला ओटी भरायला बोलवत नसत. पुढे नवऱ्याने दुसरी केली. तिचा रक्तगट कधीच कोणी तपासला नव्हता, त्यामुळे तिला नेमकं काय झालं होतं ते आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण पहिलं मूल नीट आणि पुढची सगळी पिवळी, हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. कदाचित एका इंजेक्शनाचा प्रश्न होता, आणि गावाने तिला जन्मभर अपशकुनी ठरवलं. आजीच्या सांगण्यात तिचं नावही आलं नाही. अमक्याची पहिली बायको, एवढीच तिची ओळख उरली आहे.

आनंदीबाई जोशींची आठवण होते ती अशा वेळी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे त्या फिलाडेल्फियाला गेल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आपल्याकडच्या हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतःच्या सगळ्यात मोठ्या दुःखाचाच त्यांनी अभ्यास केला. फेब्रुवारी 1887 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. शाळेत आपण त्यांना पहिल्या महिला डॉक्टर म्हणून पाठ करतो. बाळ गमावलेली चौदा वर्षांची मुलगी म्हणून मी त्यांच्याकडे यंदाच पाहिलं.

निगेटिव्ह रक्तगटाने आणखी एक काम लावून दिलं. प्रसूतीत रक्तस्राव झालाच तर मला बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह रक्त लागेल आणि निगेटिव्ह रक्तगट आपल्याकडे मुळात शंभरात जेमतेम चार-पाच जणांचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रक्तपेढीला तारीख कळवून ठेवू, पण तुमचेही दाते तयार ठेवा. नवऱ्याने आठवडाभर फोन फिरवले. माझा मावसभाऊ, गावातले एक शिक्षक आणि बाजारपेठेतल्या मेडिकलमधला मुलगा असे तिघे तयार झाले. त्यातल्या शिक्षकांशी आमची ओळखही नव्हती. ते म्हणाले, "जुलैभर मी गाव सोडत नाही. रात्री-अपरात्री कधीही फोन करा." त्या वाक्याने मला जो धीर आला तो कुठल्याही गोळीने आला नसता.

मग मी प्रसूतिकक्ष बघायला मागितला. सिस्टरना जरा आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "पहिलटकरणी बघायला मागत नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून आतले आवाज ऐकतात, घाबरतात, आणि कळा देतच पहिल्यांदा आत येतात." दुपारची वेळ होती, आत कोणी नव्हतं. त्यांनी मला चपला बदलायला लावून आत नेलं.

मधे पडदे लावलेली टेबलं. भिंतीवर सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ. एका बाजूला झाकलेले स्टीलचे ट्रे ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर चिठ्ठी: प्रसूतीचा ट्रे, बाळाचा ट्रे, औषधांचा, तातडीच्या औषधांचा. असे एकूण सात ट्रे प्रत्येक प्रसूतिकक्षात तयार असावे लागतात, असं सिस्टर म्हणाल्या. कोपऱ्यात बाळासाठी वॉर्मर, वर तापणारी दांडी, खाली छोटी गादी. शेजारी रबरी फुगा आणि त्याला बोटभर लांबीचा मास्क. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत या फुग्याने त्याला श्वास द्यायला सुरुवात करायची असते. तो मास्क मी हातात घेऊन बघितला. माझ्या तळहातावर त्याच्या भोवती जागा उरत होती. एवढ्याशा तोंडा-नाकावर तो बसणार, या विचाराने माझे डोळे भरून आले आणि सिस्टर काही न बोलता थांबून राहिल्या.

मग त्यांनी फ्रिज उघडून ऑक्सिटोसिनच्या बाटल्या दाखवल्या. बाळ बाहेर आल्या-आल्या, मिनिटभरात मांडीत हे इंजेक्शन देतात, दहा युनिट. त्याने गर्भाशय आवळतं, वार लवकर पडते आणि रक्त कमी जातं. बाळंतपणात बायका दगावण्याचं मोठं कारण रक्तस्राव आहे, म्हणून हे इंजेक्शन प्रत्येकीला. औषध थंड ठेवावं लागतं, म्हणून या फ्रिजच्या तापमानाची रोज नोंद होते. तिथे अडकवलेल्या कागदावर त्या दिवसापर्यंतच्या सह्या होत्या. मला त्या सह्या पाहून रुग्णालयाबद्दल जो विश्वास वाटला तो चकचकीत फरशी पाहून वाटला नसता.

"तोंड दोन बोटं उघडलंय" हे वाक्य मी नात्यातल्या बायकांकडून लहानपणापासून ऐकत आले. त्याचा अर्थ सिस्टरनी स्वतःची बोटं पसरून दाखवला. एक बोट म्हणजे दीड-दोन सेंटीमीटर, आणि पूर्ण उघडलं म्हणजे दहा सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे पाच सेंटीमीटरनंतर खऱ्या अर्थाने जोरकस कळांचा टप्पा धरतात आणि पहिल्या खेपेला तिथून पुढे बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधीचा टप्पा किती चालेल त्याला काही नेम नाही. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, ही जुनी मोजणी आता सगळ्यांना लावत नाहीत. हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण बाहेर बसलेली माणसं घड्याळ बघून अस्वस्थ होतात, "अजून कसं नाही, सिझर करून टाका" म्हणू लागतात, आणि आत तिच्यापर्यंत ती अस्वस्थता पोचते. मी नवऱ्याला आणि बाबांना हे सगळं बसवून सांगितलं आहे. पहिल्या कळेला गाडी काढायची नाही. पाच-पाच मिनिटांनी कळ येऊ लागली आणि ती मिनिटभर टिकू लागली की निघायचं. मात्र पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता त्याच क्षणी निघायचं.

सगळ्यात अवघड प्रश्न मी डॉक्टर मॅडमना शेवटी विचारला. "मध्यरात्री सिझर करायची वेळ आली तर इथे होईल का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी इथेच क्वार्टर्समध्ये राहते. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यांना यायला अर्धा तास धरा. ते सुट्टीवर असतील तर मी थांबणार नाही, लवकर पुढे पाठवेन. बाळाला अतिदक्षता लागली तर जिल्हा रुग्णालय, ओरोस. तुम्हाला काही फार गुंतागुंतीचं झालं तर बांबोळी." सिंधुदुर्गात बांबोळी हा शब्द कसा उच्चारतात ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. गोवा मेडिकल कॉलेज तिथे आहे. 1842 साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेपासून त्याची परंपरा चालत आलेली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली अपघाताची, हृदयाची, अडलेल्या बाळंतपणाची माणसं राज्याची सीमा ओलांडून तिथे पोचतात. काही परत येतात, काही येत नाहीत. म्हणून तो शब्द इथे हळू आवाजात उच्चारला जातो.

मॅडमनी मला खोटा दिलासा दिला असता तर मी कदाचित पुण्याला परत गेले असते. आपल्या रुग्णालयाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे जी डॉक्टर सरळ सांगते, तिच्या हाती स्वतःला सोपवायला मला भीती वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात तातडीच्या मोठ्या उपचारांसाठी अजून शेजारच्या राज्याकडे बघावं लागतं, याची खंत मात्र आहे. बाळंतिणीच्या बाबतीत साठ-सत्तर किलोमीटर हे फार मोठं अंतर आहे.

त्यात पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैतच. आमचा कॉजवे दर आषाढात पाण्याखाली जातो, कधी दोन तास, कधी अख्खी रात्र. वीज जाते, तिच्यामागून मोबाईलची रेंज जाते. 108 ला फोन लागला आणि रुग्णवाहिका आली, तरी ती ओहोळाच्या पलीकडेच थांबणार. लहानपणी मी हा पूर शाळेला सुट्टी म्हणून पाहिला आहे. त्याच पुरात वाडीतल्या बायका अडल्या असतील, त्यांना डोलीत घालून पलीकडे नेलं असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. यावर तोडगा आईने काढला. 36 आठवडे पूर्ण होताच आम्ही दोघी मामाकडे राहायला आलो. मामाचं घर तालुक्याच्या गावात आहे, रुग्णालय चालत दहा मिनिटांवर. मामीने पुढची खोली रिकामी करून दिली. ज्यांना असा मामा नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला छळतो. डोंगरकपारीच्या वाड्यांमधल्या बायकांना पावसाळ्यात शेवटचे पंधरा दिवस रुग्णालयाजवळ राहण्याची सोय प्रत्येक तालुक्यात असली पाहिजे.

आषाढात कपडे वाळत नाहीत, म्हणून बाळाच्या कपड्यांचं काम आईने मे महिन्यातच उरकलं. आजीची जुनी नऊवारी लुगडी फाडून दुपटी केली. धुऊन धुऊन ते सूत इतकं मऊ झालं आहे की गालाला लावलं तरी जाणवत नाही. मावसबहिणीच्या मुलीची झबली, टोपडी, कुंची आली. नवं काही घेतलेलं नाही. धडधाकट वाढलेल्या मुलाचे वापरलेले कपडे आधी घालायचे, अशी आमच्याकडे रीत आहे आणि ती मला आवडते. पावसात वाळवायला शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायची युक्ती आजीने सांगितली. बाळ असलेल्या खोलीत मात्र धूर नको, असं सिस्टरनी निक्षून सांगितलं होतं, त्यामुळे शेगडी मागच्या पडवीत राहील. धुरीवरून थोडी बोलाचाली झाली. चिकाबद्दलही झाली. आजीच्या काळी पहिला चीक पिळून टाकून देत आणि बाळाला मध चाटवत. आता जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायचं, तो पिवळा चीकच त्याला द्यायचा, आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, हे आजीला पटायला वेळ लागला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल यावर कोणाचंच दुमत नाही. बाळंतपणाच्या सगळ्या रूढी मागास म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. बाळंतिणीला सव्वा महिना कोणीही काम सांगायचं नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांना बाईच्या शरीराची नीट जाण होती.

रात्री मामाच्या घरी आई माझ्या पायांना तेल लावते. अशाच एका रात्री मी तिला विचारलं, "मी झाले तेव्हा तुझ्यासोबत आत कोण होतं?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कोणी नाही." माझी आजी बाहेरच्या बाकावर बसली होती. आत आईला उलट्या होत होत्या, तहान लागली होती, आणि पाणी मागितलं तर कोणीतरी खेकसलं. कळ असह्य होऊन ती ओरडली तेव्हा एका बाईने तिच्या मांडीवर चापट मारली आणि नको ते बोलली. काय बोलली ते आईने सांगितलं नाही, पण बायकांना ते सांगावं लागत नाही. "नवऱ्याजवळ जाताना कळलं नाही का" या जातीचं काहीतरी असणार. रुग्णालय कुठलं होतं ते इथे लिहीत नाही, कारण हे तेव्हा सगळीकडेच चालायचं आणि अजूनही कुठे कुठे चालतं. इतकी वर्षं आईने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. मी विचारलं, "तुला राग नाही आला?" ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, असंच असतं."

ते "असंच असतं" मला सहन होत नाही. बाई सगळ्यात जास्त वेदनेत असते, अंगावर धड कपडा नसतो, उठून जाता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी तिला अपमान गिळावा लागतो. कळा सोसायला अंगात बळ लागतं, तसाच मनात धीरही लागतो, आणि एका तुच्छ शब्दाने तो मोडून पडतो. ओळखीचं माणूस जवळ असलं की बाईला कमी भीती वाटते, तिचं बाळंतपण सुकर होतं, हे आता शास्त्रानेही मान्य केलं आहे. 2016 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी प्रसूतिकक्षांत बाईसोबत एका सोबतिणीला थांबायची परवानगी दिली. 2017 च्या अखेरीस आलेल्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतिकक्षाची गुणवत्ता तपासताना बाईला मिळणारी वागणूकही पाहिली जाते. नवऱ्याला आत येता येणार नाही, कारण पडद्यापलीकडे दुसऱ्या बायका असतात. त्याला त्याचं फार वाईट वाटलं, मलाही. तो बाहेर त्याच बाकावर बसेल.

गेल्या तपासणीला आई माझ्याबरोबर आली होती. आजवर डॉक्टरांसमोर ती नेहमी मान हलवत आलेली बाई. माझं वजन-बीपी झालं, सिस्टर फाईल मिटणार इतक्यात ती पुढे झाली.

"सिस्टर, मी आत असणार ना हिच्याजवळ?"

"हो काकी. एक बाई थांबू शकते. धुतलेले कपडे घालून या, सर्दी-ताप असला तर मात्र नाही."

"आणि मधेच तुमची पाळी बदलली, दुसऱ्या सिस्टर आल्या आणि मला बाहेर जा म्हणाल्या तर?"

सिस्टरनी फाईल परत उघडली आणि पहिल्या पानावर, रक्तगटाच्या खाली, ठळक अक्षरांत लिहिलं: सोबत आई थांबणार.

आईने चष्मा लावून ते वाचलं. मग विचारलं, "पाणी देता येईल ना हिला? कळा चालू असताना?"

"देता येईल. घोट-घोट द्या. शहाळंही चालेल."

"आणि कंबर चोळली तर चालेल?"

"चोळाच," सिस्टर म्हणाल्या, आणि हात कुठे ठेवायचा, किती जोर द्यायचा, ते माझ्या पाठीवर करून दाखवू लागल्या.